स्काउटिंगमधल्या आई-बाबांचं कॅम्पिंग प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू झाली की मूल दप्तरातून एक चिठ्ठी घेऊन येतं. आपण पॅकच्या, म्हणजे लहान स्काउटांच्या गटाच्या, पहिल्या बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसतो आणि घरी परततो ते असिस्टंट डेन लीडर (पॅकमधल्या छोट्या तुकडीचा सहायक) होऊनच. तंबू, स्टोव्ह, ट्रेनिंग वगैरे प्रश्न त्यानंतर सुचायला लागतात. अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून आमच्याकडे सतत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम स्काउटिंग अमेरिकेचे आहेत. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ही संस्था बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या नावाने ओळखली जायची, त्यामुळे जुन्या कागदांवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. बलू आणि आयओएलएस म्हणजे काय? मला दोन्ही करावे लागतील का?

तुमचं मूल कुठे आहे त्यावर हे ठरतं. बालवाडी ते पाचवीची मुलं पॅकमध्ये असतात, म्हणजे कब स्काउट. पाचवीनंतर अठरा पूर्ण होईपर्यंत ट्रूप.

दोन्ही मोठ्यांसाठीची कॅम्पिंगची प्रशिक्षणं. बलू (बेसिक ॲडल्ट लीडर आउटडोअर ओरिएंटेशन) पॅकसाठी आहे. त्याचा थोडा भाग ऑनलाइन असतो आणि एक दिवस प्रत्यक्ष मैदानावर काढावा लागतो. बऱ्याच काउन्सिल (संस्थेच्या स्थानिक शाखा) रात्रीचा मुक्कामही ठेवतात. पॅक रात्री बाहेर राहणार असेल तर बलू केलेली किमान एक मोठी व्यक्ती मुक्कामाला हजर लागते.

आयओएलएस (इंट्रोडक्शन टु आउटडोअर लीडर स्किल्स) ट्रूपसाठी आहे. स्काउटमास्टर आणि असिस्टंट स्काउटमास्टर यांना बाहीवर ‘ट्रेन्ड’ची पट्टी लावायची असेल तर पदाचं प्रशिक्षण आणि आयओएलएस दोन्ही लागतात. साधारण शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ ते रविवार दुपार असा हा कार्यक्रम असतो. घरबसल्या करता येत नाही.

मूल चौथी-पाचवीत असेल आणि तुम्ही पुढे ट्रूपमध्येही जाणार असाल तर दोन्ही करून टाका. काही काउन्सिल एकाच शनिवार-रविवारी दोन्ही उरकतात.

२. आयुष्यात कधी तंबूत झोपलो नाही. मला जमेल का?

जमेल. कोर्स तुमच्यासारख्यांसाठीच आहे. आयओएलएसची पातळी फर्स्ट क्लास स्काउटची, म्हणजे अकरा-बारा वर्षांचं मूल ट्रूपमधल्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात जे शिकतं तेवढीच.

खरं सांगायचं तर नवख्यांची आम्हाला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती हरिश्चंद्रगड चार वेळा केलेल्या बाबांची. त्यांना सगळं येत असतं. मुलाच्या हातातला खुंटा तिरका जातोय हे दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, आणि दहा मिनिटांत तंबू उभा राहतो तो बाबांनी लावलेला. स्काउटिंगच्या हिशेबात असा तंबू वाया गेला. या कोर्सात गाठी शिकायच्याच आहेत, पण मुख्यतः हात खिशात ठेवायला शिकायचं आहे.

३. आयओएलएसच्या दोन दिवसांत नेमकं काय शिकवतात?

पोचल्यावर सहा-आठ जणांचं एक पट्रोल करतात. (पट्रोल म्हणजे मुलांची तुकडी. गाडीत भरतात ते पेट्रोल वेगळं, आणि त्याला इथे गॅस म्हणतात.) दोन दिवस हे पट्रोल स्वतःचा नेता निवडतं, मेनू ठरवतं, स्वयंपाक करतं, भांडी घासतं. मुलांच्या ट्रूपची रचना अशीच असते आणि ती आधी स्वतः अनुभवावी असा हेतू आहे.

विषय असे: जागा निवडणं आणि तंबू लावणं, स्टोव्ह आणि शेकोटी, चाकू-करवत-कुऱ्हाड, गाठी आणि बांधणी, नकाशा आणि होकायंत्र, प्रथमोपचार, झाडं-प्राणी ओळखणं, जंगलात मागमूस न ठेवता राहणं, रात्रीचा कॅम्पफायर. गाठींत स्क्वेअर नॉट, टू हाफ हिचेस, टॉट-लाइन, बोलाइन, शीट बेंड, क्लोव्ह हिच आणि टिंबर हिच येतात.

जागा निवडताना लोक खाली बघतात, वर बघत नाहीत. तंबूच्या डोक्यावर सुकलेली फांदी असेल तर जमीन कितीही सपाट असली तरी ती जागा बाद. खोलगट जागाही टाळा, कारण पाणी आणि थंड हवा दोन्ही तिथेच साचतात.

४. ‘एज’ पद्धत म्हणजे काय?

शिकवण्याच्या चार पायऱ्यांच्या (एक्स्प्लेन, डेमॉन्स्ट्रेट, गाइड, एनेबल) इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं आहे: समजावून सांगा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घेताना सोबत राहा, मग त्याला एकट्याला करू द्या. टेंडरफूटच्या, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरच्या मुलालासुद्धा ही पद्धत वापरून दुसऱ्याला स्क्वेअर नॉट शिकवावी लागते.

आपलं गाडं तिसऱ्या पायरीवर अडतं. ‘सोबत राहा’ याचा अर्थ आपण ‘हातातून घ्या’ असा लावतो. त्यावर उपाय म्हणजे दोरीचे दोन तुकडे ठेवा, एक तुमचा आणि एक त्याचा. त्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. चुकलं तर आपल्या तुकड्यावर पुन्हा दाखवा. आणि त्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं. मुलांच्या निम्म्या चुका तिथूनच येतात.

५. टॉट-लाइन हिच दर वेळी घसरते. कुठे चुकतंय?

ही तंबूच्या ताणदोरीची गाठ. हाताने सरकवली की सरकते आणि ताण आला की जागच्या जागी धरून राहते. आपल्या सुरगाठ-निरगाठीच्या मधली म्हणा.

दोरी खुंट्याभोवती घालून तिचं मोकळं टोक आपल्याकडे घ्या. तंबूकडून येणारी ताणलेली दोरी ही मुख्य दोरी. आता मोकळ्या टोकाने मुख्य दोरीभोवती दोन वेढे घ्या. हे वेढे फाशाच्या आत पडले पाहिजेत, म्हणजे खुंट्याच्या बाजूला. मग टोक त्या दोन वेढ्यांवरून ओलांडून तंबूच्या बाजूला न्या आणि तिथे त्याच दिशेने तिसरा वेढा घेऊन स्वतःखालून बाहेर काढा. वेढे बोटांनी एकमेकांना चिकटवा आणि मगच ओढा.

घसरण्याची कारणं तीन. एक, पहिले दोन वेढे फाशाच्या बाहेर पडलेत. दोन, तिसरा वेढा उलट दिशेने गेलाय. तीन, गाठ बरोबर आहे पण दोरी गुळगुळीत आहे. नव्या बारीक नायलॉनच्या दोऱ्या अशाच असतात. अशा वेळी आत दोनाऐवजी तीन वेढे घ्या.

खुंटा उभा ठोकू नका. त्याचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं आणि दोरी जमिनीशी साधारण ४५ अंशात. हे बिघडलं की लोक गाठीला दोष देतात.

६. सह्याद्रीत होकायंत्र बरोबर चालायचं, इथे वाट का चुकते?

तुम्ही चुकलेला नाहीत, प्रदेश बदललाय. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते आणि नकाशा खरी उत्तर. मुंबई-पुण्याकडे या दोन्हींत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो, म्हणून तिथे कुणी त्याकडे लक्षच देत नाही. न्यू जर्सीत मात्र सुई सुमारे १२ अंश पश्चिमेला झुकते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास सुमारे १३ अंश पूर्वेला. १२ अंशांची चूक म्हणजे एक मैल चालल्यावर तुम्ही सुमारे ११०० फूट बाजूला पोचता.

नकाशावरून दिशा काढून होकायंत्रावर लावताना पश्चिमेचा फरक मिळवायचा आणि पूर्वेचा वजा करायचा. नकाशावर ९० अंश असेल तर न्यू जर्सीत १०२ लावा, बे एरियात ७७. नेमका आकडा नकाशाच्या तळाशी छापलेला असतो. तो हळूहळू बदलतो, म्हणून नकाशा किती सालचा आहे तेही बघा.

भारतातून आणलेलं होकायंत्र शक्यतो वापरू नका. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईला खालीही ओढतं, आणि इथे ते भारतापेक्षा बरंच जास्त. तिथल्यासाठी तोललेली सुई इथे एका टोकाने खाली झुकून तळाला घासू शकते.

७. काय काय विकत घेऊ?

पहिल्या कोर्सला जाण्याआधी शक्य तितकं कमी. तंबू ट्रूपकडे असतो, मागितला की मिळतो. स्लीपिंग बॅग आणि खालची मॅट मात्र स्वतःची असू द्या. याशिवाय हेडलॅम्प (हातात धरायची बॅटरी स्वयंपाक करताना निरुपयोगी), रेनकोट, दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, वाटी-चमचा-मग, कोरड्या मोज्यांचे दोन जास्तीचे जोड, छोटा प्रथमोपचार संच आणि तुमची नेहमीची औषधं. जीन्स नकोत. भिजली की सुकत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात.

माकडटोपी मात्र जरूर घ्या. मुलांना लाज वाटेल, वाटू दे.

८. वीस अंशांची स्लीपिंग बॅग होती, बाहेर पस्तीस होतं, तरी रात्रभर कुडकुडलो. असं कसं?

इथले आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, हे आधी लक्षात घ्या. बॅगेवरचा आकडा बहुतेक वेळा ‘यात निभावेल’ असा असतो, ‘यात सुखाने झोपाल’ असा नव्हे. अपेक्षित तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश खालची बॅग घ्या.

तुम्ही तर तेवढी सूट ठेवली होती, तरी गारठलात. म्हणजे थंडी खालून आली असणार. अंगाखालचा बॅगेचा कापूस वजनाने दबतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही. जमीन रात्रभर उष्णता शोषत राहते. म्हणून बॅगेच्या आधी मॅटवर खर्च करा. हवा भरायच्या पातळ गादीत आतली हवाच गार होते. तिच्याखाली साधी फोमची घडीची मॅट टाकली तरी मोठा फरक पडतो.

दिवसभरच्या कपड्यांत झोपू नका. ते कोरडे वाटतात, पण घामाने दमट असतात. मोज्यांसकट सगळे बदला. झोपण्याआधी मूठभर दाणे-गूळ खा आणि लघवीला जाऊन या. मुलांना हे तिन्ही आठवण करून द्यावं लागतं. थंडी वाजते म्हणून तोंड बॅगेत घालून झोपू नका, श्वासाच्या वाफेने बॅग आतून ओली होते.

९. आम्ही शाकाहारी आहोत. कॅम्पवर जेवणाचे हाल होतील का?

नाव नोंदवताना लिहिलंत तर होणार नाहीत. मेनू तुमचंच पट्रोल ठरवणार असतं, त्यामुळे आयत्या वेळी गप्प बसू नका. मूगडाळीची खिचडी अमेरिकन पट्रोललाही आवडते, शिवाय एकाच भांड्यात होते.

आठ जणांसाठी तांदूळ अडीच कप, मूगडाळ दीड कप, पाणी बारा कप आणि आठ क्वार्टचं जाड बुडाचं भांडं. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवा. हळद, हिंग, मीठ, गोडा मसाला घरूनच एका पुडीत मिसळून न्या. उकळी आल्यावर आंच अगदी कमी करून २५ ते ३० मिनिटं ठेवा. प्रोपेनच्या बर्नरची ज्योत मधोमध एकवटते, म्हणून पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात खिचडी मध्यभागी करपते आणि कडेला कच्ची राहते. दर तीन-चार मिनिटांनी तळापासून ढवळणं हे एका मुलाचं काम ठरवून द्या. तूरडाळ नेऊ नका, कुकरशिवाय शिजता शिजत नाही. कोलोराडोसारख्या उंच ठिकाणी पाणी कमी तापमानालाच उकळतं, तिथे दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा.

कुकर घरी ठेवा. झाकणाखाली काय चाललंय ते मुलांना दिसत नाही, आणि शिकायला तर ती आलीत. आयांना विनंती: घरून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून आणू नका. फर्स्ट क्लासच्या मुलाला आपल्या पट्रोलचा मेनू, खरेदी आणि स्वयंपाक स्वतः सांभाळावा लागतो. डबा उघडला की ते सगळं बुडतं.

१०. वर फोडणी घातली तर चालेल का? अस्वल येईल म्हणतात.

फोडणी घालता येते, पण दोन धोके आहेत. पहिला तेलाचा. पाठीवर न्यायच्या छोट्या स्टोव्हवर कढई डगमगते. फोडणी रुंद, दोन बर्नरच्या स्टोव्हवरच करा आणि भांड्याचं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पाणी मुळीच टाकायचं नाही.

दुसरा वासाचा. न्यू जर्सीच्या एकवीसही काउंटींत काळी अस्वलं दिसलेली आहेत, त्यामुळे ‘आमच्याकडे नसतात’ असं म्हणू नका. फोडणीचा वास कपड्यांना धरतो, म्हणून स्वयंपाकाचे कपडे झोपताना बदला आणि तंबूत ठेवू नका. अन्न, कचरा, टूथपेस्ट, लिप बाम, खिशातली श्रीखंडाची गोळी, जे जे वास येणारं ते सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात किंवा गाडीत. पिशवी झाडाला टांगणार असाल तर जमिनीपासून किमान १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब. मात्र गाडीत ठेवायचं की डब्यात, हे त्या पार्कचा नियम बघून ठरवा.

११. भांडी राखेने घासली तर?

आजीच्या अंगणात चालत होतं, इथे नको. तीन भांड्यांची पद्धत वापरा. पहिल्यात गरम पाणी आणि साबणाचे थोडे थेंब, दुसऱ्यात नुसतं गरम पाणी, तिसऱ्यात गार पाणी आणि जंतुनाशकाची गोळी किंवा ब्लीचचे काही थेंब. त्याआधी खरकटं खरवडून कचऱ्याच्या पिशवीत टाका, नाहीतर दोन ताटांत पहिल्या भांड्याची आमटी होते. मग हवेत वाळवा. सगळी ताटं एकाच फडक्याने पुसली की एकाचं पोट बिघडलं तर सगळ्यांचं बिघडतं. उरलेलं पाणी गाळून ओढ्या-तळ्यापासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाच्या सुमारे ७० पावलांवर पसरून टाका.

१२. संडासाचं काय?

कोर्स सहसा काउन्सिलच्या कॅम्पवर असतो, तिथे संडास असतात. पाण्याची बाटली घेऊन गेलात तर कुणीही काही म्हणत नाही. उघड्यावर जायची वेळ आली तर सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, अंतर पुन्हा २०० फूट. मग माती लोटून बुजवायचा.

१३. गोचीड चावली तर काय करायचं?

बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ वर, संथ ताणाने ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. रॉकेल, जळती काडी, चुना यांतलं काही लावू नका. ती चिडून जखमेत लाळ सोडते आणि जंतू त्या लाळेतच असतात. मग जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या तीन ते तीस दिवसांत लालसर चकती पसरताना दिसली किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

लाइम रोगाचे जंतू अंगात जायला गोचीड सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटलेली लागते. म्हणून रोज रात्री तपासणं हाच खरा उपाय. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांत. मुलांनी स्वतःची तपासणी स्वतः करायची, मोठ्यांनी नुसतं कुठे बघायचं ते सांगायचं. परमेथ्रिनचा ०.५ टक्क्यांचा फवारा कपड्यांवर मारून पूर्ण वाळू द्या. तो अंगाला लावायचा नसतो. घरात मांजर असेल तर ओला फवारा तिच्यापासून लांब ठेवा.

१४. वीज कडाडायला लागली की तंबूत जायचं ना?

नाही. तंबू, पिकनिकची उघडी शेड, झाड यांतलं काहीच सुरक्षित नाही. गडगडाट ऐकू आला की पक्की इमारत, किंवा धातूचं टप असलेली बंद काचांची गाडी. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पूर्ण ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यापासून. हायकची वाट ठरवताना जवळची इमारत किंवा गाड्या कुठे आहेत हे आधी बघून ठेवा. ढग भरून आल्यावर शोधत बसलात तर उशीर झालेला असतो.

१५. याखेरीज कोणती प्रशिक्षणं आणि कागद लागतात?

बालसुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण सगळ्यात आधी. त्याशिवाय लीडर म्हणून नाव नोंदतच नाही. त्याची मुदत संपते, तारीख तुमच्या स्काउटिंगच्या ऑनलाइन खात्यात दिसते. धोकादायक हवामानाचं प्रशिक्षणही ऑनलाइन आणि मोफत आहे. पोहणं असेल तर सेफ स्विम डिफेन्स, होडी असेल तर सेफ्टी अफ्लोट. दूरच्या जंगलात जायचं असेल तर सोळा तासांचा विल्डरनेस फर्स्ट एड. न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट या स्काउटिंगच्या कॅम्पसारख्या ठिकाणी तुकडीत हा झालेला कुणीतरी असावाच लागतो.

वैद्यकीय फॉर्मचे भाग ए आणि बी प्रत्येक कार्यक्रमाला लागतात. डॉक्टरांची सही असलेला भाग सी ७२ तासांपेक्षा मोठ्या कार्यक्रमाला. आयओएलएसच्या शनिवार-रविवारला सी सहसा लागत नाही, उन्हाळी कॅम्पच्या आठवड्याला लागतो. डॉक्टरांची वेळ एप्रिलमध्येच घ्या.

१६. तंबूत कोण कुणाबरोबर झोपतं?

पॅकमध्ये आई-बाबा आपल्या मुलांसह एका तंबूत झोपू शकतात. ट्रूपमध्ये नाही. तिथे स्वतःच्या मुलाबरोबरही नाही. मुलगे आणि मुली वेगळ्या तंबूंत, आणि एका तंबूतल्या मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. पहिल्या वर्षी रात्री अकराला बाजूच्या तंबूतून रडण्याचा आवाज येतो आणि आईला राहवत नाही. तंबूच्या बाहेर, दुसऱ्या लीडरला सोबत घेऊन, सगळ्यांना दिसेल अशा जागी मुलाशी बोला. बहुतेक वेळा एक मग बोर्नव्हिटा पुरतो.

१७. आजी-आजोबा भारतातून आले आहेत. त्यांना कॅम्पला नेता येईल का?

दिवसा आनंदाने आणा. रात्री मात्र अडचण आहे. सप्टेंबर २०२३ पासून मुक्कामी राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लीडर म्हणून नाव नोंदलेलं लागतं. पॅकमध्ये यातून सूट आहे, पण ती फक्त आई-वडिलांना किंवा कायदेशीर पालकांना, तीही स्वतःच्या मुलाबरोबर येण्यापुरती. आजी-आजोबा त्यात बसत नाहीत. कॅम्पफायर आटोपला की त्यांना घरी सोडण्याची सोय आधीच करून ठेवा.

१८. माझी मोठी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि असिस्टंट स्काउटमास्टर आहे. मी आणि ती मिळून दोन मोठी माणसं झालो ना?

नाही. प्रत्येक कार्यक्रमाला नोंदलेली दोन माणसं लागतात ती एकवीस किंवा त्याहून मोठी. अठरा ते वीस वयाची मंडळी असिस्टंट स्काउटमास्टर होऊ शकतात, पण या मोजणीत धरत नाहीत. कार्यक्रमात एकही मुलगी असेल तर एकवीस वर्षांवरची नोंदलेली एक स्त्री लीडरही हवी. तंबूच्या बाबतीत मात्र तुमची मुलगी मोठ्यांत मोडते, म्हणजे ती ट्रूपच्या मुलींबरोबर एका तंबूत झोपू शकत नाही.

१९. बलू केलेली एकच व्यक्ती होती आणि ती शुक्रवारी आजारी पडली. आता?

मुक्काम रद्द. ‘फोनवर उपलब्ध आहे’ चालत नाही. शनिवारी दिवसभराचा कार्यक्रम करा, कॅम्पफायर करा आणि रात्री घरी जा. शेजारच्या पॅकमधला बलू झालेला लीडर मुक्कामाला यायला तयार झाला तर प्रश्न सुटतो, म्हणून असे दोन-तीन फोन नंबर जवळ असू द्या. प्रत्येक पॅकमध्ये निदान तिघांनी बलू केलेलं असावं असं आमचं मत. आणि पॅकचा मुक्काम काउन्सिलने मंजूर केलेल्या जागीच करता येतो. माणूस मिळाला म्हणून आयत्या वेळी दुसरं पार्क शोधू नका.

२०. आम्ही चार मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला आपापली कॅम्पिंगला जातो. मुलं एकाच ट्रूपमधली आहेत. हे स्काउटिंग धरायचं का?

प्रत्येक मूल आपापल्या आई-बाबांबरोबर आलंय, ट्रूपच्या कॅलेंडरवर काही नाही, गणवेश नाही, तर ती कौटुंबिक सहल. बलूची गरज नाही. पण त्या रात्री कॅम्पिंग मेरिट बॅजला (त्या विषयात मुलांना मिळणारा बिल्ला) लागणाऱ्या वीस रात्रींत धरता येत नाहीत. तिथे स्काउटिंगच्या ठरलेल्या कार्यक्रमातल्याच रात्री चालतात. ‘ट्रूपची सहल’ म्हणून ईमेल गेला की मात्र सगळे नियम लागू झाले, आणि पोरांसमोर उघडलेली बीअरही बंद.

२१. मी महाराष्ट्रात स्काउट होतो, राष्ट्रपती पुरस्कारही आहे. आयओएलएस माफ होईल का?

आपोआप नाही. भारत स्काउट्स आणि गाइड्स आणि इथली संस्था दोन्ही एकाच जागतिक संघटनेच्या सदस्य आहेत. तीन बोटांचा सॅल्यूट आणि डाव्या हाताचं हस्तांदोलन सारखंच आहे. प्रशिक्षणाची नोंद मात्र एकीकडून दुसरीकडे जात नाही. प्रात्यक्षिक दाखवून सूट देणं हे तुमच्या काउन्सिलच्या प्रशिक्षण समितीच्या हातात आहे, विचारून बघा. तरी आम्ही म्हणू, कोर्स करा. तुमच्या काळातले शिट्टीचे हुकूम आणि रांगा इथे नाहीत. इथे पंधरा वर्षांचा मुलगा ट्रूप चालवतो आणि तुम्ही त्याच्या मागे उभे असता. त्याची सवय पुरस्कारातून येत नाही. एनसीसीवाल्यांनाही हेच लागू.

२२. वुड बॅज हा याच्या पुढचा टप्पा का?

पुढचा नव्हे, वेगळा. लीडरांचा हा कोर्स १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये सुरू झाला. इथे तो पाच दिवसांचा असतो, बहुधा दोन वीकेंडांत विभागलेला. भर गाठींवर नसून नेतृत्वावर असतो. नंतर स्वतः ठरवलेली पाच कामं अठरा महिन्यांत पुरी केली की गळ्यात दोन लाकडी मणी. पहिल्या वर्षी घाई करू नका. एक पूर्ण हंगाम ट्रूपबरोबर काढलात की कोणती पाच कामं हवीत ते आपोआप कळतं.

२३. कोर्स झाला, पण खात्यात नोंद नाही. कुणाला विचारू?

आधी कोर्सच्या संचालकांना. आयओएलएसची नोंद ते काउन्सिलमार्फत हाताने घालतात, थोडे आठवडे लागतात. नोंद हरवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सदस्य क्रमांक. पॅकमधून ट्रूपमध्ये जाताना नवा फॉर्म भरला की कधीकधी दुसरा क्रमांक तयार होतो, आणि प्रशिक्षण जुन्यावर राहतं. आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि फॉर्मवर दुसरं असेल तर हमखास. काउन्सिलच्या कार्यालयाला दोन्ही क्रमांक कळवून ते एकत्र करायला सांगा. कोर्सच्या शेवटी मिळालेल्या कार्डाचा फोटो काढून ठेवलेला असेल तर काम एका फोनवर होतं.